पापाचे वाटेकरी

२००० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात चाळीस वर्षांच्या एका शिक्षकाचा संसार काही महिन्यांत उद्ध्वस्त झाला. तोवर त्याच्या नावावर कसलाही डाग नव्हता. नोकरी होती, घर होतं, पत्नीच्या आधीच्या लग्नाची लहान मुलगी घरात होती. मग अश्लील चित्रांचा त्याचा नाद वाढत गेला. तो नाद पुढे लहान मुलांच्या चित्रांकडे वळला आणि शेवटी त्यानं त्या मुलीशीच नको ते चाळे सुरू केले. प्रकरण पत्नीला कळलं, तक्रार झाली, गुन्हा शाबीत झाला. कोर्टानं तुरुंग किंवा लैंगिक व्यसनावरचे उपचार असे दोन पर्याय दिले. त्यानं उपचार निवडले. पण उपचार-केंद्रातल्या बायकांशीही तो तसाच वागत राहिला आणि तिथून त्याची हकालपट्टी झाली. आता तुरुंग अटळ होता.

शिक्षा सुनावली जायच्या आदल्या रात्री डोकं ठणकतंय म्हणून तो व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात आला. घरमालकिणीवर आपल्या हातून बलात्कार होईल अशी भीती वाटते, असंही त्यानं डॉक्टरांना सांगितलं. चालताना त्याचा तोल जात होता. समोरची साधी आकृती बघून कागदावर उतरवणं त्याला जमत नव्हतं. एमआरआय काढला, तेव्हा उजव्या डोळ्याच्या खोबणीच्या वर, मेंदूच्या अगदी पुढच्या भागात, अंड्याएवढी गाठ दिसली. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया करून ती काढली आणि ती विकृत ओढ नाहीशी झाली. उपचारांचा जो कार्यक्रम आधी झेपला नव्हता तो त्यानं पुरा केला आणि सात महिन्यांनी त्याला घरी परतू दिलं. २००१च्या ऑक्टोबरात डोकं पुन्हा दुखू लागलं आणि चोरून चित्रं गोळा करणंही पुन्हा सुरू झालं. तपासणी केली, तर गाठ परत वाढलेली. २००२ मध्ये ती दुसऱ्यांदा काढली. ओढ दुसऱ्यांदा गेली. रसेल स्वर्डलो आणि जेफ्री बर्न्स या डॉक्टरांनी २००३ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून ते तत्त्वज्ञानाच्या वर्गांतही शिकवलं जातं.

या प्रकरणातली सगळ्यांत अवघड गोष्ट गाठीची नाही. आपण करतोय ते वाईट आहे हे त्या माणसाला पूर्ण कळत होतं. म्हणून तर तो लपवत होता. कळणं शाबूत होतं, आवरणं गेलं होतं.

कायद्याला हा फरक फारसा ओळखता येत नाही. मेकॉलेच्या विधी आयोगानं मसुदा केलेल्या आणि १८६० साली संमत झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४नं मनोविकृत माणसाला माफी दिली, ती कळण्याच्या कसोटीवर. कृत्य करताना त्याला कृत्याचं स्वरूप कळत नसेल, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत नसेल, तरच तो सुटतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम २२ म्हणून जवळजवळ तशीच आली आहे. ‘कळत होतं पण स्वतःला थांबवता आलं नाही’ हा बचाव आपल्याकडे चालत नाही. व्हर्जिनियाचा तो शिक्षक भारतातल्या कोर्टापुढे उभा राहिला असता, तर गाठीसकट दोषी ठरला असता.

धर्मग्रंथांनी मात्र हा फरक फार पूर्वी नेमका पकडला होता. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही, कुणीतरी बळजबरीनं ढकलल्यासारखा माणूस पाप करतो, तो कुणाच्या प्रेरणेनं? कळत असून होणाऱ्या पापाबद्दलचाच हा प्रश्न आहे. कृष्णाचं उत्तर आहे काम आणि क्रोध, रजोगुणातून उपजलेले. म्हणजे कारण माणसाच्या आतच आहे, त्याच्या घडणीत आहे. पांडवगीतेत हाच अनुभव दुर्योधनाच्या तोंडी घातला आहे. धर्म कोणता ते मी जाणतो पण तिकडे माझा कल नाही, अधर्म जाणतो पण त्यापासून मागे फिरता येत नाही, हृदयात बसलेला कुणी देव करवतो तसं मी करतो, असं तो सांगतो.

अर्जुन आणि दुर्योधन जवळजवळ एकच गोष्ट बोलतात, तरी दोघांत मोठं अंतर आहे. अर्जुनाला ती ओढ समजून घेऊन तिच्यावर मात करायची आहे. दुर्योधनाला तिच्या आडोशाला उभं राहायचं आहे. मेंदूविज्ञान आज जे सांगतं तेही या दोन्ही तऱ्हांनी वापरता येतं, आणि म्हणूनच पाप, दोष, शिक्षा यांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं ते नीट समजून घ्यायला हवं.

गाठीचं उदाहरण दुर्मिळ म्हणून बाजूला सारता येईल. पण कंपवात, म्हणजे पार्किन्सन, घरोघरी माहीत असलेला आजार आहे. त्यात मेंदूतलं डोपामीन हे रसायन कमी पडतं आणि हालचाली जखडतात. डोपामीनचंच काम करणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं दिली की हात-पाय मोकळे होतात. पण डोपामीनचा संबंध नुसत्या हालचालींशी नसतो. हवीशी वस्तू मिळण्याची आशा, तिच्याकडे धाव घेण्याची ऊर्मी हेही त्याच रसायनाचं खातं आहे. त्यामुळे उभ्या जन्मात पत्त्याला हात न लावलेली माणसं ही औषधं घेऊ लागल्यावर जुगारात पैसे उधळताना दिसली. कुणाला खरेदीचा सोस जडला, कुणाला खाण्याचा, कुणाच्या कामवासनेला आवर राहिला नाही. डॅनियल वाइनट्रॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. या जातीची औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत असा एखादा अनावर सोस आढळला. न घेणाऱ्यांत तो ६.९ टक्के होता. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बहुतेकांचा सोस ओसरतो.

नातवंडांच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे एखादा आजोबा जुगारात घालवतो तेव्हा घरातल्यांना तो दोष त्याच्या चारित्र्याचा वाटतो. गोळीची मात्रा बदलल्यावर तोच माणूस खाली मान घालून बसलेला दिसतो. त्याची शरम खरी असते. गोळीनं केलं म्हणून त्याला वाटणारी अपराधाची भावना पुसली जात नाही, आणि ती पुसली जावी असं त्याला स्वतःलाही वाटत नाही. पण या आकड्यांची दुसरी बाजूही वाचायला हवी. औषध घेणाऱ्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांत असा सोस आढळला नाही. औषध कल देतं, ढकलतंही. पण सगळ्यांना एकाच दिशेला आणि सारख्याच जोरानं नाही. कोण किती ढकलला जाईल हे आधीच्या स्वभावावर, वयावर, घरातल्या व्यसनांच्या इतिहासावरही अवलंबून असतं.

जनुकांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि ती सांगताना घोटाळाही जास्त होतो. नेदरलँड्समधल्या एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काही पुरुष एकाच तऱ्हेनं वागत. बुद्धी जरा मंद, आणि राग आला की हिंसा, जाळपोळ, बायकांवर हात टाकणं. घराण्यातल्या बायका मात्र सुखरूप. हान ब्रुनर या जनुकतज्ज्ञानं १९९३ साली त्याचं कारण शोधून काढलं. एक्स गुणसूत्रावरच्या एमएओए नावाच्या जनुकात बिघाड होता. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनलिन ही रसायनं काम झाल्यावर मोडून टाकणारं विकर हे जनुक बनवतं. या पुरुषांत ते विकर तयारच होत नव्हतं. बायकांत दोन एक्स गुणसूत्रं असल्यानं एक बिघडलं तरी दुसरं सांभाळून घेत होतं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘हिंसेचं जनुक सापडलं’ असा गाजावाजा केला. ब्रुनर यांनी स्वतः त्याला विरोध केला. एखादं जनुक एखादं वागणं थेट लिहून ठेवतं ही कल्पनाच त्यांना अमान्य होती.

हे जनुक असं पूर्ण बिघडलेली घराणी अगदी मोजकी. पण याच जनुकाचा एक मंद प्रकार सर्रास आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर सुमारे एक तृतीयांश जणांत. त्यांचं काय? न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास तेव्हापासून सुरू आहे. ॲव्हशलोम कास्पी, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २००२ साली त्यांतल्या मुलग्यांची माहिती तपासली. ज्यांच्यात हा मंद प्रकार होता पण बालपण मायेत गेलं होतं, ते इतरांहून हिंसक निघाले नाहीत. ज्यांच्यात मंद प्रकारही होता आणि लहानपणी मारहाण, छळही वाट्याला आला होता, ते त्या गटात फक्त १२ टक्के होते. पण हिंसेच्या गुन्ह्यांत झालेल्या शिक्षांपैकी ४४ टक्के त्यांच्या नावावर होत्या. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे नातं इतकं ठळक दिसलं नाही, पण बालपणीच्या छळाचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा दिसत आला. जनुकाचा अभ्यास करायला निघालेले शास्त्रज्ञ अशा रीतीनं मुलाच्या घरापर्यंत येऊन पोचले.

कोर्टांनी या ज्ञानाचं काय केलं ते पाहिलं की चिंता वाटते. इटलीतल्या ट्रिएस्ट इथल्या अपील न्यायालयानं २००९ साली एका खुन्याची शिक्षा एक वर्षानं कमी केली. त्याच्या एमएओए जनुकाचा मंद प्रकार हे त्यामागचं एक कारण होतं. हा प्रकार दर तीन पुरुषांतल्या एकात असेल, तर ही सवलत किती जणांना द्यायची? अमेरिकेतल्या १८१ न्यायाधीशांना एका काल्पनिक खटल्यात शिक्षा सुचवायला सांगणारा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. आरोपीच्या विकृतीचं जैविक कारण उलगडून सांगितलं तेव्हा शिक्षेची सरासरी १३.९३ वर्षांवरून १२.८३ वर्षांवर आली. पण यातल्या अनेक न्यायाधीशांना तीच माहिती उलट टोचलीही होती. मूळच जैविक असेल तर हा माणूस सुधारणार कसा, मग समाजाचं रक्षण म्हणून त्याला जास्त काळ डांबायला नको का, असं त्यांच्या मनात आलं होतं.

ही दुसरी दिशा किती भयंकर आहे हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

१८७१ साली ब्रिटिश सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता. हिंदुस्थानात धंदे जातीनं चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, तर चोराचा मुलगा चोर होणारच. कायदा आधी उत्तरेत लागू झाला, १९११च्या कायद्यानं मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, कंजारभाट अशा कित्येक जमातींत जन्मलेलं मूल पाळण्यातच संशयित ठरलं. बोटांचे ठसे घेऊन नोंदणी, पोलिसपाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना, आणि कुठे काटेरी तारांच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथली माणसं कुंपणातून निघून गिरण्यांत राबत आणि हजेरीच्या वेळेला कुंपणात परत येत. त्या भागाला सोलापूरकर आजही सेटलमेंटच म्हणतात. मुलांना आई-बापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची तरतूदही कायद्यात पुढे घातली गेली, म्हणजे ‘रक्तातला’ गुण संगतीनं वाढू नये म्हणून.

१८७१ साली ‘जीन’ हा शब्दही जन्मला नव्हता, तो १९०९चा. चेझारे लोंब्रोसो या इटालियन वैद्यानं जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखता येतो असं सांगणारं पुस्तक लिहिलं ते १८७६ साली, म्हणजे या कायद्यानंतर पाच वर्षांनी. एकाही पारध्याचा मेंदू कुणी तपासला नव्हता. भटकून मीठ, धान्य, जनावरं विकणाऱ्या माणसांचा धंदा रेल्वेनं आणि नव्या बाजारांनी बुडवला, जंगलाच्या कायद्यांनी शिकारीची वाट बंद केली, मग जी चोरी झाली तिचं खापर रक्तावर फोडलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि पोलिसांची सवय गेली नाही. अशाच जमातींत जन्मलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला, या आत्मकथनांना, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ वाचताना कळतं की, शाळेची पायरी चढू दिलेला एक मुलगा घरातल्या चोरीच्या परंपरेपासून किती दूर जाऊ शकतो. रक्त तेच होतं. गावात घरफोडी झाली की आजही आधी पारध्यांच्या पालावर धाड पडते, आणि तिथे मार खाणाऱ्या पोराच्या डोक्यावर होणाऱ्या परिणामांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

वंशाच्या या सिद्धांताला आपल्याकडे एक धार्मिक भावंडही होतं. माणसाची आजची अवस्था गेल्या जन्मीच्या कर्माचं फळ, असं सांगणारा कर्मविपाक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यावर नेमका घाव घातला. मूल आई-बापांकडून गुण घेतं हे विज्ञान सांगतं, तर गेल्या जन्मीचं कर्म त्यात शिरायला जागा कुठे उरते, असा त्यांचा सवाल आहे. आणि त्याच्याच पुढे ते सांगतात की, गरीब आणि दलित माणसांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, एवढाच अशा कल्पनेचा उपयोग असू शकतो. आनुवंशिकतेचा आधार घेऊन माणसाला जन्माच्या ठपक्यातून सोडवणारा हा युक्तिवाद १८७१च्या कायद्याच्या बरोबर उलट्या टोकाला उभा आहे. विज्ञान दोन्हीकडे ओढलं जाऊ शकतं. कोण ओढतो आणि कशासाठी, ते बघावं लागतं.

आंबेडकरांनी बुद्धाकडे वळताना हा युक्तिवाद निवडला यात आश्चर्य नाही. बुद्धाच्याच काळात मक्खली गोसाल हा आजीवकांचा आचार्य नियतिवाद सांगत होता. फेकलेला सुताचा गुंडा जसा संपेपर्यंत उलगडत जातो, तसा शहाणा आणि मूर्ख दोघांचाही फेरा ठरल्याप्रमाणेच संपतो, माणसाच्या प्रयत्नाला त्यात काही वाव नाही, असं त्याचं मत. बुद्धाला हे सगळ्यांत घातक वाटलं, कारण त्या मतानं प्रयत्नाचा पायाच काढून घेतला जातो. बुद्धानं कर्माचा अर्थ हेतूशी जोडला. बोटं कापून माळ करणारा अंगुलिमाल बौद्ध परंपरेत भिक्षू होतो, तो या विश्वासावर.

हाच पेच मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांपुढे होता. १९०८च्या राजद्रोहाच्या शिक्षेत, १९१०-११च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ साली छापून आलं. त्यातलं दहावं प्रकरण ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रश्नाला वाहिलेलं आहे. माणूस कर्माच्या रहाटगाडग्यात पुरता जखडलेला असेल, तर ‘हे कर, ते करू नको’ या उपदेशाला अर्थ काय उरतो? टिळक दोन्ही टोकं धरून ठेवतात. देह आणि इंद्रियं प्रकृतीच्या नियमांनी बांधलेली आहेत हे ते नाकारत नाहीत, आणि तरीही सुधारण्याची धडपड करायला माणूस मोकळा आहे हेही सोडत नाहीत. गीतेनंही ती दोन्ही धरली आहेत. अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला बजावतो की, तू लढणार नाही म्हणालास तरी तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील; आणि त्यानंतर चौथ्याच श्लोकात म्हणतो, मी सांगितलं त्यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. कुणाला यात विसंगती दिसेल. खरं तर स्वभावाचा जोर आणि विचाराची मोकळीक यांपैकी एकही नाकारला तरी माणसाचं वर्णन खोटं ठरतं.

प्रयोगशाळेनं या मोकळिकीचा निकाल लावला असं मध्यंतरी जाहीर झालं होतं. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली दाखवलं की, माणूस बोट हलवायचं ठरवल्याचं सांगतो त्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूतली तयारी सुरू झालेली असते. मग ठरवणं हा भास आहे का? लिबेट यांनी स्वतः एवढी उडी मारली नाही; शेवटच्या क्षणी हालचाल रोखण्याची मुभा माणसाकडे राहते, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१२ साली आरॉन शर्गर आणि सहकाऱ्यांनी ती ‘तयारी’ मेंदूतल्या सततच्या चढउतारांचा परिणाम असू शकते हे मांडलं, त्यामुळे निर्णय आधीच झाला होता हा दावा आणखी दुबळा झाला. शिवाय मनात आलं तेव्हा बोट हलवणं आणि मुलीच्या खोलीच्या दारातून परत फिरणं ही दोन कामं मेंदूसाठीही सारखी नाहीत.

परत फिरण्याचं काम बरंचसं कपाळामागच्या मेंदूचं आहे. व्हर्जिनियाच्या शिक्षकाची गाठ तिथेच दाब देत होती. म्हणजे स्वातंत्र्य ही देहाबाहेरची वस्तू नाही. तिला पेशी लागतात, रसायनं लागतात, झोप लागते, बालपण लागतं. ती सगळ्यांना सारखी मिळत नाही आणि एकाच माणसात रोज सारखी राहत नाही. मेंदूचा हा भाग विशी उलटून गेल्यावरही पक्का होत असतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवताना किशोरवयीन मुलं एकटी असताना जपून खेळली. मित्र बघत असले की धोके पत्करू लागली. प्रौढांत हा फरक पडला नाही. आपल्याकडे बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अत्यंत गंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखं वागवायचं की नाही, हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता आणि परिणाम कळण्याची कुवत तपासतं. मंडळासमोर खुर्चीत शांत बसलेला मुलगा परिणाम व्यवस्थित सांगू शकतो. रात्री टोळक्यात असताना त्याच्यापाशी तेवढाच मेंदू नव्हता. हे मानणं म्हणजे पीडितेवरचा अन्याय विसरणं नव्हे. व्हर्जिनियातल्या त्या मुलीचं दुःख गाठ सापडल्यानं तसूभरही कमी होत नाही. तिला संरक्षण हवं होतं आणि ते मिळायलाच हवं होतं. शिक्षेचा हेतू काय, एवढाच प्रश्न आहे.

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक असते. नारद त्याला विचारतात, तुझ्या पापात घरचे वाटेकरी आहेत का, विचारून ये. बायको-मुलं नाही म्हणतात आणि वाल्या हादरतो. आजच्या ज्ञानानं तो प्रश्न उलट्या दिशेनंही विचारावा लागेल. वाल्याला वाल्या करण्यात कुणाकुणाचा वाटा होता? लहानपणी त्याला कुणी मारलं, डोक्यावर घाव कधी बसला? २०१० साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा कैद्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांना आयुष्यात कधीतरी डोक्याला मार लागल्याचा इतिहास निघाला. घरातला बाप, शाळेतली छडी, चौकीतली मारहाण, उपासमार, दारू हे सगळे वाटेकरी आहेत. जनुकही एक वाटेकरी, पण कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवणं सगळ्यांत सोपं, कारण त्याला कुणी आरोपी करू शकत नाही आणि त्यात बाकी सगळे सुटतात. नारदांनी वाल्याला सोडून दिलं नाही. त्याला बसवलं, जप दिला, वर्षानुवर्षांचा अभ्यास दिला. नेवाशात १२९० साली पुऱ्या केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा असं मागतात. तो वाकडेपणा कशानं आला हे शोधणं ही त्या मागणीतली पहिली पायरी.

महाराष्ट्रानं हे करून पाहिलेलं आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंती नसलेल्या त्या जागी बायका-मुलांसह राहायला दिलं, शेती दिली. त्याच भागातले ग. दि. माडगूळकर यांनी पुढे त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. चित्रपटात सगळा भार जेलर आदिनाथच्या नजरेवर आहे. प्रत्यक्षात जमीन, काम आणि रोज संध्याकाळी घरी भेटणारी मुलं यांनी ते घडवलं. आजच्या भाषेत बोलायचं तर, ज्या मेंदूला आवरायला शिकायचं होतं त्याला त्यासाठी लागणारी परिस्थिती दिली गेली.

स्वतंत्रपूरची वसाहत राज्याच्या कारागृह विभागाकडे आजही आहे. पण अशा खुल्या कारागृहात जायला आधी बंद तुरुंगात चांगली वर्तणूक दाखवावी लागते. म्हणजे ज्याची स्वतःला आवरण्याची ताकद बरीचशी शाबूत आहे, तो तिथे पोचतो. ज्याच्या मेंदूला मार आहे, ज्याचं बालपण मारहाणीत गेलं, ज्याला क्षणाचा राग रोखता येत नाही, तो गर्दीच्या बराकीत भांडतो, शिक्षा वाढवून घेतो आणि कुणी न्यूरॉलॉजिस्ट त्याच्याकडे बघण्याआधीच सराईत गुन्हेगार म्हणून त्याची नोंद होते. तुरुंगात दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला कधी मार लागला होता का, हा एक प्रश्न पहिल्याच वैद्यकीय तपासणीत विचारायला फार खर्च लागत नाही.